कापलेला एक टक्का परत कोण मागणार?

आमच्या भवानी पेठेत इन्कम टॅक्सचा विषय निघाला की जॉबवाले कारागीर हसतात. टॅक्स मोठ्या लोकांना असतो, आपल्याला काय, असे त्यांचे म्हणणे. बोलणे खोटे नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कर पद्धतीत बारा लाख रुपयांपर्यंत मजुरीचे किंवा धंद्याचे उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला प्राप्तिकर पडत नाही. घोंगडे वस्तीत चार माग चालविणारा जॉबवाला किंवा शाळेचे गणवेश शिवून देणारा टेलर मास्टर यांची निव्वळ कमाई या रकमेच्या आसपासही जात नाही. तरीसुद्धा या माणसांच्या मजुरीतून वर्षभर कर कापला जातो, तो सरकारी तिजोरीत भरला जातो आणि पुष्कळदा तेथेच राहतो. तो परत मागायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांना मागायची भीती वाटते.

हा लेख त्या कापलेल्या पैशाविषयी आहे. तो कारागिरांसाठी आहे तितकाच, किंबहुना थोडा अधिक, आपल्या व्यापारी बंधूंसाठी आहे. कारण कापणारे आपण आहोत.

प्रथम हा कर नेमका कोठे कापला जातो ते पाहू. सोलापुरात टॉवेल आणि चादरीचा बराचसा माल जॉबवर विणला जातो. सूत मालकाचे, माग आणि मेहनत कारागिराची. गणवेशातही तेच, कापड मालकाचे, शिलाई दुसऱ्याची. मालकाने दिलेल्या मालावर केलेले असे काम कायद्याच्या दृष्टीने 'ठेक्याचे काम' ठरते. देणारी पेढी भागीदारीची किंवा कंपनी असेल, अथवा एकट्या व्यापाऱ्याची असून तिची मागील वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर गेलेली असेल, तर मजुरी देताना एक टक्का कर मुळातच कापावा लागतो. यालाच आपण टी.डी.एस. म्हणतो. एका बिलाची रक्कम तीस हजारांच्या वर गेली किंवा वर्षभराची एकूण मजुरी एक लाखाच्या वर गेली की कापणे आलेच. कारागिराने स्वतःचे सूत घेऊन टॉवेल विणले व आपल्याला विकले, तर ती विक्री झाली. तेथे हा एक टक्का नाही. हा फरक न कळल्यामुळे काही पेढ्यांवर सरसकट कापतात आणि काही ठिकाणी मुळीच कापत नाहीत. दोन्ही चूकच.

आता समजा, एका जॉबवाल्याचे महिन्याला ४५ हजार रुपये बिल होते. वर्षाचे झाले ५ लाख ४० हजार. त्यातून विजेचे बिल, दोन हातांखालच्या माणसांचा पगार, जागेचे भाडे आणि मागाची दुरुस्ती गेली की त्याच्या हाती दीड-पावणेदोन लाख उरतात. कर शून्य. पण आपण त्याच्या बिलातून ५,४०० रुपये कापलेले असतात. हे सगळेच्या सगळे पैसे त्याचे आहेत. तीन वर्षे त्याने मागितले नाहीत तर १६ हजारांच्या वर रक्कम झाली.

हे झाले पॅन कार्ड असलेल्याचे. ज्याच्याकडे पॅन नाही त्याच्या मजुरीतून एक नव्हे, वीस टक्के कापण्याचा नियम आहे. वरच्या माणसाचे १ लाख ८ हजार रुपये कापले जातील. त्याच्या सात महिन्यांच्या कमाईएवढी ही रक्कम आहे. इतके कोणी कापत नाही हे खरे. मग काय करतात? बिल दुसऱ्याच्या नावे घेतात, किंवा तुकडे पाडून रोखीत देतात. तुकडे पाडून काही साधत नाही, कारण वर्षाची एक लाखाची मर्यादा एकत्रच मोजली जाते. आणि एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च आपल्याच हिशेबात मंजूर होत नाही. म्हणजे कारागिराच्या नावे कमाईचा कागद राहात नाही आणि आपला करही वाढतो. अशा व्यवहाराला हुशारी म्हणण्याची आपल्या बाजारात रीत आहे, ती मला कधीच पटली नाही.

पॅन आहे पण आधारशी जोडलेले नाही, अशांची अवस्था पॅन नसलेल्यासारखीच आहे. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन कार्डे निष्क्रिय झाली. निष्क्रिय पॅनवर वीस टक्के कापणी लागू शकते, आणि जोपर्यंत ते चालू होत नाही तोपर्यंत परतावाही निघत नाही. मुदतीनंतर जोडायचे तर एक हजार रुपये फी ठरविली गेली. ज्याची वर्षाची कापणीच हजार-दोन हजार आहे तो म्हणतो, एवढे भरून काय मिळवू? परंतु बँकेचे खाते, वाहन, जागेचा व्यवहार अशा अनेक ठिकाणी हे कार्ड अडते. तेव्हा केवळ परताव्याच्या रकमेकडे पाहून हा विषय सोडू नये.

जोडणी अडते ती बहुधा नावापाशी. हा आपल्या लोकांचा खास त्रास आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीचे नाव दाखल्यावर एका प्रकारे, रेशन कार्डावर दुसऱ्या प्रकारे आणि इंग्रजीत तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. उर्दूत 'शेख' लिहायला एकच रीत आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाने त्याच्या चार रीती केल्या. महंमद कोठे पूर्ण येते, कोठे दोन अक्षरांत आटोपते. अब्दुल रहमान एका कागदावर एक शब्द, दुसऱ्यावर दोन. बायकांच्या नावापुढे बी, बानो, बेगम, खातून यांतले काय लागले आहे हे त्यांना स्वतःलाही विचारावे लागते. जन्मतारीख तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. म्हणून आधी आधार कार्डावरचे नाव आणि जन्मतारीख ज्या कागदाशी जुळते ते ठरवावे, आधार दुरुस्त करून घ्यावे, मग त्याप्रमाणे पॅन आणि शेवटी बँकेचे खाते. उलट्या क्रमाने गेलेल्यांना तीन-तीन खेपा माराव्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत. परतावा फक्त बँकेत येतो आणि त्या खात्यावरचे नाव पॅनशी जुळावे लागते, हेही येथेच लक्षात ठेवावे.

सवलत आहे, पण मागितली तर

बारा लाखांचा आकडा सगळ्यांनी ऐकला, त्यामागची रचना थोड्यांना कळली. चार लाखांपर्यंत मुळात कर नाही. चार लाखांच्या पुढे कर मोजला जातो, पण एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर साठ हजारांपर्यंतची सूट देऊन तो शून्यावर आणला जातो. ही सूट २०१३ साली सुरू झाली तेव्हा फक्त दोन हजार रुपयांची होती. २०१९ मध्ये पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याचा कर तिच्यामुळे शून्य झाला, २०२३ मध्ये नव्या पद्धतीत ही मर्यादा सात लाख झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाख. ही सूट रिटर्न भरताना मिळते, व्यापारी मजुरी देताना ती पाहात नाही. म्हणून ज्याचे उत्पन्न चार लाखांच्या वर आहे त्याला, कर शून्य असला तरी, रिटर्न भरणे बंधनकारकच आहे. चार लाखांच्या खालीही ज्याचा वर्षाचा टी.डी.एस. पंचवीस हजार किंवा त्याहून अधिक झाला त्याला भरावेच लागते.

आणखी एक. ही सूट माणसाला आहे, पेढीला नाही. दोन-तीन भावांनी भागीदारी पेढी केली तर पेढीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून तीस टक्के कर बसतो. हिंदू बांधवांना अविभक्त कुटुंब म्हणून वेगळे करखाते उघडता येते, तशी सोय मुसलमान कुटुंबाला नाही. तेव्हा लहान धंद्यातील भावांनी भागीदारीचा दस्त करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे. भागीदारांचा पगार दस्तात न लिहिल्यामुळे विनाकारण कर भरणारी कुटुंबे आपल्या पेठेत आहेत.

जकातीचा निसाब आपल्याला ठाऊक आहे. निसाबाखालच्या माणसाकडून जकात घेतली जात नाही, इतकेच नव्हे तर तो गरजवंत असेल तर त्याला दिली जाते. आपल्या प्राप्तिकराचा हिशेब यातल्या पहिल्या अर्ध्यापुरताच चालतो. कमी कमाईच्या माणसाकडून सरकार घेत नाही. घेतलेच तर परत करते. पण कराच्या खात्यातून पदरचे काही देत नाही. अमेरिकेत १९७५ पासून दुसरे अर्धही आहे. तेथे काम करणाऱ्या पण कमी कमावणाऱ्या कुटुंबाने रिटर्न भरले की कर शून्य असला तरी वरून रक्कम मिळते. मुले जास्त असतील तर अधिक. गंमत अशी की, तेथेही पात्र असलेल्यांपैकी सुमारे पाचातला एक जण ती मागतच नाही, असे त्यांच्याच कर खात्याचे म्हणणे आहे. कारणे आपल्यासारखीच. फॉर्म कळत नाही, आपल्याला लागू आहे हे माहीत नाही, सरकारी कागदात नाव घालायची धास्ती. म्हणून तेथे स्वयंसेवक कर भरण्याच्या हंगामात मोफत बसून गरिबांचे फॉर्म भरून देतात. आपल्याकडे बी.कॉम. झालेली मुले-मुली मोहल्ल्या-मोहल्ल्यात आहेत. रिटर्न भरण्यास सरकारी संकेतस्थळावर एक पैसाही फी नाही. जुलै महिन्यात चार रविवार जमातखान्यात दोन टेबले टाकून बसले तर शे-दीडशे कारागिरांचे काम सहज होईल. तूर्त पाच हजारांच्या परताव्यासाठी हजार-दीड हजार घेणारे मध्यस्थ मात्र गल्लोगल्ली झाले आहेत.

नाव यादीत गेले तर?

आता भीतीविषयी. "सेठ, रिफंड राहू द्या, पण आमचे नाव त्या यादीत नको," असे एका कारागिराने मला सांगितले. त्याच्या बायकोला 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळत होते. वर्षाचे अठरा हजार. पाच हजार चारशे परत मिळवायला जाऊन अठरा हजार घालवायचे का, हा त्याचा प्रश्न. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता.

या प्रश्नाचे उत्तर शब्दांत आहे आणि ते नीट वाचले पाहिजे. २०२४ सालच्या शासन निर्णयात ज्या कुटुंबातील सदस्य 'आयकरदाता' आहे ते कुटुंब अपात्र ठरविले आहे, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे अशी अट आहे. आयकरदाता म्हणजे कर देणारा. रिटर्न भरणारा प्रत्येक जण कर देणारा नसतो. केंद्राच्या अटल पेन्शन योजनेत १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना नव्याने प्रवेश बंद झाला, तेव्हा त्या अधिसूचनेतच या शब्दाचा अर्थ दिला होता: कायद्याप्रमाणे ज्याच्यावर कर देण्याची जबाबदारी येते तो. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या श्रमयोगी मानधन योजनेतही अर्जदार आयकरदाता नसावा अशीच अट होती. ज्याचा कर शून्य आहे आणि जो कापलेले पैसे परत मागतो आहे तो या अर्थाने करदाता होत नाही.

कागदावर हे स्पष्ट असले तरी खिडकीवर बसलेला माणूस प्रत्येक वेळी शब्द वाचत नाही, हाही अनुभव आहे. यासाठी एक कागद जपून ठेवावा. रिटर्न तपासून झाले की आयकर खात्याकडून हिशेबाचे पत्र येते. त्यात एकूण उत्पन्न, देय कर शून्य आणि परताव्याची रक्कम असे सगळे छापलेले असते. हरकत आली तर हेच पत्र पुढे करावे. मात्र कुटुंबाचे खरे उत्पन्नच अडीच लाखांच्या वर असेल, म्हणजे बाप माग चालवतो, मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे आणि दोघांचे मिळून साडेतीन लाख होतात, तर तेथे रिटर्नचा दोष नाही. तेथे अटच पूर्ण होत नाही, आणि रिटर्न न भरल्याने ती पूर्ण होणारही नाही.

उत्पन्नाचा कागद फक्त अडवतो असेही नाही. १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरमध्ये पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा असंघटित लोकांची ती घरे. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकासाठी तीन लाखांची उत्पन्न मर्यादा होती. आपली कमाई कमी आहे हे दाखविणारा कागद तेथे घर मिळण्याच्या कामी आला.

आपल्या पेढीवरचे काम

मजुरीतून कापलेला एक टक्का आपल्या गल्ल्यात राहतो तोपर्यंत ती अमानत आहे. कायदा म्हणतो, एका महिन्यात कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरा. फक्त मार्चचा तीस एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि मुद्दाम दडपल्यास तुरुंगाचीही तरतूद आहे. पण खरा घोळ पैसे भरण्यात होत नाही, विवरणात होतो. पैसे भरले तरी ते कोणाच्या नावचे हे सरकारला तीन महिन्यांच्या विवरणातून कळते. विवरण गेले नाही तर कारागिराच्या खात्यावर काहीच दिसत नाही. त्यात पॅनचे एक अक्षर चुकले तर ते पैसे तिसऱ्याच माणसाच्या नावे चढतात किंवा कोणाच्याच नाही. अशा वेळी कारागीर कितीही फेऱ्या मारो, दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. त्याच्या हातात काही नसते. एका पेढीने, नाव घेत नाही, माझ्या ओळखीच्या टेलरचे दोन वर्षांचे पैसे कापले आणि विवरणात चुकीचा नंबर घातला. सहा महिने तो पेढीच्या पायरीवर बसला, तेव्हा कोठे दुरुस्तीचे विवरण गेले.

विवरणानंतर पंधरा दिवसांत कापणीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. आपण सगळे त्याला फॉर्म सोळा-अ म्हणून ओळखतो. संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली, त्यामुळे १९६१ च्या कायद्यातील कलमांचे व फॉर्मांचे नंबर बदलले. म्हणून येथे मी कलमांचे नंबर देत नाही. नंबर बदलला तरी कागद तोच आणि देण्याची जबाबदारीही तीच. हे प्रमाणपत्र मागायला कारागीर आला की "सी.ए.कडे आहे, पुढच्या आठवड्यात ये," हे उत्तर आपल्या बाजारात इतके रूढ आहे की ते ऐकून आता कोणी रागावतही नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण भाषणात सांगतो. एक टक्का हा मजुरीचाच भाग आहे.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची आयत (सूरह बकरा, आयत २८२) ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, हे आपल्या मदरशातील मुलालाही ठाऊक असते. तरी जॉबवाल्याला महिनाअखेर बिल लिहून मागणाऱ्या पेढ्या थोड्या. चिठ्ठीवर हिशेब होतो आणि चिठ्ठी फाटते.

याच विषयाला लागून आणखी एक नियम आहे. तो कारागिराच्या फार फायद्याचा आणि आपल्याला थोडा बोचणारा. २०२३-२४ या वर्षापासून उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत दिले पाहिजेत. वर्षाअखेर मुदत टळलेले जे देणे बाकी राहील ते त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही; प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी धरायचे. २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारात यावरून केवढा गोंधळ झाला हे आपण सर्वांनी पाहिले. काही व्यापाऱ्यांनी जॉबवाल्यांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगितले. मी स्वतः व्यापारी आहे, सूरत आणि इचलकरंजीच्या उधारीचे चक्र मलाही ठाऊक आहे; वरून पैसे आले नाहीत तर खाली कोठून देणार, ही अडचण खोटी नाही. पण चार महिने मजुरी थकली की चार मागांचा माणूस सूदखोराच्या दारात जातो, हेही मी पाहिले आहे. एक टक्क्याच्या परताव्यापेक्षा वेळेवर मिळालेली मजुरी त्याला कितीतरी मोठी आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि प्रत्येक जॉबवाल्याने ती करावी, असे माझे मत आहे. बाजारातील काही मित्रांना ते आवडणार नाही.

रिटर्न कसे, किती जुने

जॉबवाल्याला हिशेबाच्या वह्या ठेवण्याचे झंझट नको म्हणून कायद्यात सोय आहे. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या आत असणाऱ्या लहान धंदेवाल्याने बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा धरून रिटर्न भरले तर चालते. आपल्या उदाहरणातील माणसाचा सगळा पैसा बँकेतून आला असेल तर ३२,४०० रुपये. पण हे किमान प्रमाण आहे. प्रत्यक्ष कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवावी. मध्यस्थ लोक सर्वांना डोळे झाकून सहा टक्के लावून देतात. वर्षाला पावणेदोन लाख मिळवणाऱ्याने बत्तीस हजार लिहिण्यात काय मिळविले? कर दोन्ही वेळी शून्यच. फक्त खोटे लिहिले गेले, आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी उत्पन्न दाखवायची वेळ आली की तेच आडवे येते.

रिटर्नची मुदत दरवर्षी पाहून घ्यावी, ती पुढेमागे होते. २०२५ साली ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. पाच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर उशिराची फी एक हजार, आणि उत्पन्न मुळात करपात्र मर्यादेखाली असेल तर तीही सहसा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या कायद्याचे विधेयक आले तेव्हा त्यात असे कलम होते की मुदतीत रिटर्न भरले तरच परतावा मिळेल. ते राहिले असते तर नुकसान नेमके आपल्या जॉबवाल्यांचे झाले असते, कारण मुदत चुकवणारे तेच. संसदेच्या प्रवर समितीत यावर हरकत घेतली गेली आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ते कलम गेले.

त्याहून जुन्या वर्षांचे पैसेही बुडालेच असे नाही. विलंब माफ करावा असा अर्ज आयकर आयुक्तांकडे करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा अर्जासाठी कर आकारणीचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. उशिराचे खरे कारण द्यावे लागते. आजारपण, घरातील मृत्यू, पेढीने प्रमाणपत्रच न देणे, अशी कारणे कागदासह लिहावीत.

परताव्याबरोबर काही वेळा व्याजही येते, महिन्याला अर्धा टक्का. त्याचे काय करायचे हे आपापल्या आलिमांना विचारावे. पुष्कळ जण ती रक्कम वेगळी काढून सवाबाची नियत न ठेवता गरजवंताला देतात. रिटर्नमध्ये मात्र ती उत्पन्न म्हणून दाखवावी लागते.

शिवणकाम आणि विडीतील भगिनी

आतापर्यंत जॉबवाल्यांचे झाले. पगारी बायकांच्या दोन गोष्टी राहिल्या. त्यांत कापणी लहान दिसते, पण पगारही लहान असतो.

पहिली गोष्ट व्यवसाय कराची. महाराष्ट्रात हा कर १९७५ पासून आहे. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार जातात. बायकांना पूर्वी दहा हजारांपर्यंत माफी होती. १ एप्रिल २०२३ पासून ती पंचवीस हजारांपर्यंत वाढली. गणवेशाच्या कारखान्यात बारा-चौदा हजारांवर काम करणाऱ्या बाईच्या पगारातून त्या तारखेनंतर एक रुपयाही कापायचा नव्हता. पगारपत्रक वर्षानुवर्षे त्याच नमुन्यात काढणाऱ्या ठिकाणी दोनशेची ओळ तशीच चालू राहिली. आपल्या युनिटचे पगारपत्रक काढून एकदा पाहावे आणि कापले असतील तर परत करावेत. मागायला ती बाई येणार नाही, तिला ते कापले जातात हेच ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट विडी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही फंड लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. सोलापूरच्या हजारो घरांत त्यामुळे म्हातारपणाची काही पुंजी जमा झाली. पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर फंड काढला तर त्यावर कर नाही. कारखाना बदलला पण फंड नव्या खात्यात वर्ग करून घेतला असेल तर दोन्हीकडची सेवा एकत्र मोजतात. आजारपणामुळे किंवा मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे काम सुटले असेल तर पाच वर्षांची अट आड येत नाही. यांपैकी काहीच नसेल आणि रक्कम पन्नास हजार किंवा त्याहून जास्त असेल तर दहा टक्के कापले जातात; पॅन नसेल तर वीस टक्के. २०२३ पूर्वी तर पॅन नसलेल्यांचे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जात असे. जिचे वर्षाचे उत्पन्न करपात्र नाही तिने तसे लिहून देण्याचा एक साधा फॉर्म आहे, आजवर तो पंधरा-जी या नावाने ओळखला गेला. तो पॅनसह फंड काढण्याच्या अर्जासोबतच जोडावा लागतो. पैसे कापून झाल्यावर तो दिला तर उपयोग नाही; मग रिटर्न भरून परत मागणे एवढीच वाट उरते.